सेकंडहँड मिनी ट्रॅक्टर, पुढे लोडर आणि फोंड्याचं कुळागर

मंडळी, या सदरात आपण एरवी मोबाइल, लॅपटॉप आणि फार तर इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल बोलतो. या वेळचं यंत्र जरा वजनदार आहे. पण विषय आपल्यातल्या अनेकांच्या घरचा आहे. आपण नोकरीनिमित्त पुण्यात, बंगळुरात किंवा आणखी लांब असतो. गावाला आईबाबा असतात, त्यांच्यामागे कुळागर किंवा काजूचा डोंगर असतो, आणि एक दिवस फोन येतो: "अरे, एक जुना छोटा ट्रॅक्टर मिळतोय, पुढे लोडर लावलेला. घेऊया का?"

आमच्याकडेही असाच फोन आला. फोंडा तालुक्यात बाबांचं आणि काकांचं शेजारी शेजारी कुळागर आहे. पोफळी, माड, मिरी, केळी, थोडं जायफळ. पूर्वी शेणखताची गाडी आली की चार गडी टोपल्या घेऊन दुपारपर्यंत रिकामी करायचे. आता चार सोडा, एक माणूस मिळवायलाही आठवडाभर आधी सांगावं लागतं. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत. खत वेळेवर पडलं नाही तर पुढच्या वर्षी उत्पन्न कमी, उत्पन्न कमी झालं की लक्ष कमी, आणि दोन-तीन वर्षांत बागेत रान. आमच्या वाड्यावर अशी रान झालेली कुळागरं मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत. म्हणून हा प्रश्न हौसेचा नव्हता.

आम्ही तीन ट्रॅक्टर पाहिले आणि शेवटी एक घेतला. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय.

छोटा म्हणजे किती छोटा?

मिनी ट्रॅक्टर म्हणजे साधारण 15 ते 30 एचपीचा. आपल्या बाजारात स्वराज 717 आणि महिंद्रा युवराज 215 हे 15 एचपीचे, एका सिलिंडरचे. व्हीएसटीचा एमटी 180डी साडेअठरा एचपीचा. कुबोटाचा निओस्टार ए211एन 21 एचपीचा, तर बी2441 आणि महिंद्रा जिवो 245 डीआय 24 एचपीचे, चारही चाकांना ताकद देणारे. 2023 मध्ये महिंद्राने जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत विकसित केलेली ओजा मालिका आणली, पण ती अजून नवी असल्यामुळे सेकंडहँड बाजारात कमी दिसते.

पोफळी लावताना शिफारस असते ती 2.7 मीटर बाय 2.7 मीटर अंतराची. कागदावर त्यातून मिनी ट्रॅक्टर सहज जातो. प्रत्यक्षात आपली जुनी कुळागरं पायऱ्यापायऱ्यांची, मधून पाट वाहणारी, आणि जमीन बहुतेक वर्षभर ओली. पोफळीची मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. त्यांच्यावरून दर आठवड्याला टनभर वजन फिरवलं तर माती दबते आणि पाटाच्या कडा ढासळतात. म्हणून पहिला नियम आम्ही ठरवला तो असा, की ट्रॅक्टर बागेच्या मुख्य वाटेपर्यंत जाईल आणि आतली कामं हातगाडीने होतील. लोडरचा उपयोग खत भरायला, माती-खडी हलवायला, पडलेला माड ओढून बाजूला करायला, पावसानंतर वाहून आलेला गाळ उचलायला.

लोडर म्हणजे जेसीबी नव्हे

ही गोष्ट विकत घेण्याआधीच घरातल्या सगळ्यांना समजावून सांगावी. आपल्या डोळ्यासमोर असतो जेसीबी, जो साधारण साडेसात टनांचा असतो. मिनी ट्रॅक्टर टनाच्या आतबाहेर. त्याच्या पुढे लावलेली बकेट सुटा माल उचलण्यासाठी असते, फोंड्याचा जांभा खणण्यासाठी नाही. कडक जमिनीत बकेट घुसवली की आधी तिचं टोक वाकतं, मग हात वाकतात, आणि शेवटी ट्रॅक्टरचा सांगाडा तडकतो.

थोडा हिशोब करूया, कारण यातच खरी गोम आहे. समजा ट्रॅक्टर 800 किलोचा आहे. त्यातले 480 किलो मागच्या चाकांवर आणि 320 पुढच्या. लोडरचं वजन 200 किलो, तेही जवळपास पुढच्या अॅक्सलवरच येतं. आता बकेटमध्ये 250 किलो ओली माती घेतली. बकेट पुढच्या अॅक्सलच्या 1.2 मीटर पुढे, आणि दोन अॅक्सलांमधलं अंतर 1.5 मीटर. मुलांच्या झोपाळू फळीसारखं गणित आहे: पुढची बाजू दबली की मागची उचलते. मागच्या चाकांवरून 200 किलो कमी होतात आणि ते पुढे जातात. म्हणजे मागे उरले 280 आणि पुढे झाले 970. जो अॅक्सल 320 किलो वाहत होता, तो आता तिप्पट वाहतोय.

या एका हिशोबातून पुढच्या सगळ्या तपासण्या निघतात. लोडरवाल्या ट्रॅक्टरचं दुखणं पुढच्या अॅक्सलमध्ये असतं. मागची चाकं हलकी होतात, त्यामुळे फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा ट्रॅक्टर ओल्या जागी जागच्या जागी चाकं फिरवत राहतो. पॉवर स्टेअरिंग नसेल तर भरलेल्या बकेटसह वळवताना खांदे भरून येतात. म्हणून फोर व्हील ड्राइव्ह आणि पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरला लोडर लावलेला असेल, तर तो स्वस्त असला तरी आम्ही यादीतून काढून टाकला.

याच हिशोबात उपायही आहे. मागच्या लिंकेजला, मागच्या अॅक्सलपासून 75 सेंटिमीटरवर 150 किलोचा काँक्रीटचा ठोकळा लावला तर पुढचे 75 किलो कमी होतात आणि मागची चाकं पुन्हा 505 किलोंनी जमिनीला धरून राहतात. विकणाऱ्याला विचारा, "मागे वजन काय लावत होता?" त्याने "काही नाही" म्हटलं तर पुढचा अॅक्सल दुप्पट बारकाईने पाहा.

ट्रॅक्टर कुठून आला?

गाडी घेताना आपण कंपनी आणि वर्ष विचारतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत पहिला प्रश्न गावाचा. तो कुठल्या पिकात राबला यावर त्याचा आजार ठरतो.

गोव्यात येणारे बरेच जुने मिनी ट्रॅक्टर वरून, म्हणजे घाटावरून येतात. तासगाव, सांगली, सोलापूर, नाशिक भागात द्राक्षबागांमुळे अरुंद ट्रॅक्टरांची संख्या मोठी आहे. द्राक्षाचा ट्रॅक्टर हंगामात जवळजवळ रोज फवारणी करतो. त्याचा पीटीओ शाफ्ट तासन्‌तास फिरलेला असतो, आणि बोर्डो मिश्रणासारखी औषधं पत्र्यावर, वायरिंगवर, रेडिएटरच्या जाळीवर बसलेली असतात. बाहेरून रंग मारलेला असला तरी बॅटरीखालचा पत्रा आणि फूटरेस्टची आतली बाजू खरं सांगते. पीटीओच्या दात्यांवर बोट फिरवा. धार लागत असेल तर काम भरपूर झालंय.

भातशेतीतला ट्रॅक्टर वेगळा. चिखलणी करताना तो चिखलात अॅक्सलपर्यंत बुडतो. सील झिजले की पाणी आत शिरतं. गिअरबॉक्सचं आणि पुढच्या अॅक्सलचं तेल काढून पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, आणि बेअरिंग गंजायला सुरुवात झालेली असते.

खाडीकाठचा, खाजन जमिनीतला ट्रॅक्टर असेल तर मीठ. रिमच्या आतली बाजू आणि लोडरच्या सिलिंडरचा चकचकीत दांडा पाहा. दांड्यावर बारीक खड्डे दिसले तर ते खड्डे सील कापत राहणार. सील कितीही वेळा बदला.

पाहायला गेल्यावर

आधी फोनवर सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटखाली हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघा. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. थंड इंजिन एका दमात चालू झालं आणि धूर लवकर साफ झाला तर चांगलं. सतत निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ओझ्याखाली थोडा काळा धूर चालतो. चालू इंजिनचं तेलाचं झाकण उघडून पाहा, आतून हवा जोरात फुसफुसत असेल तर पिस्टन-रिंगचा खर्च जवळ आलाय.

अवर मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण त्याचा हिशोब मात्र करा. आम्ही पाहिलेल्या पहिल्या ट्रॅक्टरचं मीटर 900 तास दाखवत होतं, आणि ट्रॅक्टर आठ वर्षांचा होता. म्हणजे वर्षाला 112 तास, आठवड्याला दोन तासांच्या थोडं वर. एवढ्याशा कामात क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत होत नाही आणि मागच्या हुकाचं भोक लंबगोल होत नाही. आम्ही चहा पिऊन निघालो.

लोडरसाठी वेगळी तपासणी:

बकेट माती भरून छातीच्या उंचीपर्यंत उचला, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. बकेट किती खाली येते ते पाहा. थोडी उतरणं ठीक, पण डोळ्यांना दिसेल अशी सरकत असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळतोय. या वेळात कुणीही बकेटखाली किंवा समोर उभं राहू नये, मुलांना तर लांबच ठेवा.

बकेट जमिनीवर टेकवून हाताने हलवा. प्रत्येक पिनपाशी खडखड ऐकू येते का? या पिनांना दर आठ-दहा तासांच्या कामानंतर ग्रीस लागतं, आणि तेच सगळ्यात आधी विसरलं जातं.

लोडरची चौकट ट्रॅक्टरला कुठे धरली आहे ते खाली वाकून पाहा. चांगली चौकट पुढून सुरू होऊन मागच्या अॅक्सलपर्यंत जाते. स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेली काही लोडरं फक्त पुढच्या भागाला आणि क्लच हाउसिंगला बोल्ट केलेली असतात. मग बकेटचा सगळा पीळ त्या ओतीव हाउसिंगवर येतो. तिथे ताजं वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर विचार थांबवा.

पुढची दोन चाकं जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवी हलवा. मधल्या पिव्हट पिनमध्ये आणि किंगपिनमध्ये ढिलाई असेल तर ते आपल्या 970 किलोंचं काम.

शेवटी क्लच. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं वाटेल. तिकडच्या छोट्या ट्रॅक्टरांमध्ये बऱ्याचदा हायड्रोस्टॅटिक गिअर असतो, पेडल दाबलं की पुढे, सोडलं की थांबला. इकडे लोडरच्या प्रत्येक फेरीत पुढे जा, थांब, मागे ये, वळ, असं किमान चार वेळा क्लच दाबावा लागतो. टनभर शेणखत 100 किलोच्या बकेटांनी भरायचं म्हटलं तर दहा फेऱ्या, चाळीस वेळा क्लच. म्हणून लोडरवाल्या ट्रॅक्टरमध्ये क्लच प्लेटचा खर्च आधीच मनात धरून भाव करा.

कागद

ट्रॅक्टरला आरसी लागते, विमाही लागतो. एम-परिवहन अॅपवर नंबर घालून पाहिलं की नोंदणी किती काळ वैध आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे कळतं. इंजिन आणि चासी नंबर प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर वाचून आरसीशी जुळवा. हे आपल्या पिढीचं काम, बाबांवर ढकलू नका.

मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35, नाहीतर बोजा आपल्या ट्रॅक्टरवर तसाच राहतो. एमएच-10 किंवा केए-22 नंबरचा ट्रॅक्टर जीए-05 करायचा असेल तर जुन्या आरटीओकडून फॉर्म 28 ची एनओसी आधी हवी. ती विकणाऱ्याने काढून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. लोडर नंतर बसवलेला असेल तर त्याबद्दल फोंडा आरटीओत आधीच विचारून घ्या. ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याच्या शेतात जाणार असेल तर तेही विमा कंपनीला सांगा.

अनुदानाबद्दल प्रत्येक जण विचारतो. कृषी कार्ड आणि एक-चौदाचा उतारा घेऊन कृषी खात्यात गेलात तरी यंत्रांचं अनुदान नव्या खरेदीला असतं. म्हणून आधी अनुदान धरून नव्याची किंमत काढा, मगच जुन्याशी तुलना करा. कधी कधी फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो.

परवडतो का?

बाबा म्हणत होते, "घरचं असलं म्हणजे केव्हाही वापरता येतं." काका म्हणत होते, "भाड्याने आणा, झालं की पाठवा." मी एक साधी शीट केली. आकडे अंदाजी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

ट्रॅक्टर आणि लोडर मिळून 4,00,000 रुपये. आठ वर्षं वापरून 1,50,000 ला विकला, तर झीज वर्षाला 31,250. तेच पैसे ठेवीत 7 टक्क्यांनी असते तर वर्षाला 28,000. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बारीकसारीक मिळून 20,000. एकूण 79,250, म्हणजे वर्षाला सुमारे 80,000 रुपये ट्रॅक्टर नुसता उभा राहिला तरी जातात. डिझेल तासाला 225 धरलं आणि भाड्याचा छोटा ट्रॅक्टर चालकासह 800 रुपये तास, तर दर तासाला वाचतात 575. 80,000 भागिले 575 म्हणजे 139 तास.

वर्षाला 139 तास काम असेल तरच घरचा ट्रॅक्टर भाड्याच्या बरोबरीला येतो. बाबांनी वहीत महिन्यानुसार कामं लिहून काढली. आमची भरली 90 तास. काकांची 60. एकट्याला न परवडणारं यंत्र दोघांना मिळून परवडत होतं. या शीटमध्ये बाबांच्या चालवण्याचे पैसे धरलेले नाहीत आणि गडी मिळत नाहीत म्हणून पडून राहणाऱ्या खताचेही धरलेले नाहीत. पहिला आकडा भाड्याच्या बाजूने जातो, दुसरा खरेदीच्या.

भागीदारीचं सगळ्यात अवघड काम आकड्यांचं नव्हतं. आरसीवर नाव एकाचंच लागणार होतं, आणि अपघात झाला तर त्याचंच नाव पुढे येणार. मे महिन्यात पावसाआधी दोघांनाही एकाच आठवड्यात ट्रॅक्टर लागणार. काकू म्हणाल्या, "भाऊ भाऊ आहात तोवर ठीक, उद्या पोरांचं काय?" प्रश्न रास्त होता. शेवटी एका कागदावर चार ओळी लिहिल्या: खर्च 60:40, डिझेल ज्याचं त्याने, मे महिन्यात एक दिवस आड, आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्या वेळच्या बाजारभावाने दुसऱ्याने घ्यायचं. माझी आणि चुलतभावाची सही साक्षीदार म्हणून आहे. हा कागद आरसीइतकाच महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

आम्ही काय घेतलं

तिसरा ट्रॅक्टर सिंधुदुर्गातल्या एका नारळ-आंबा बागायतदाराकडचा होता. 24 एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, सहा वर्षांचा, मागच्या ठोकळ्यासह. किंमत दुसऱ्यापेक्षा चाळीस हजारांनी जास्त. पण त्या गृहस्थांनी एक वही पुढे केली. तारीख, तास, कुठलं तेल बदललं, कधी ग्रीस मारलं, सगळं एका अक्षरात लिहिलेलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला लॉग म्हणतो तेच. मीटर आणि वही जुळत होतं. आम्ही चाळीस हजार त्या वहीचे दिले असं समजा.

ट्रॅक्टर आल्यावर बाबांनी चार नियम दाराच्या आत खडूने लिहिले. भरलेली बकेट चालताना गुडघ्याच्या उंचीवरच. काजूच्या उतारावर लोडर न्यायचा नाही. मागचा ठोकळा काढून लोडर वापरायचा नाही. उतरताना बकेट जमिनीवर टेकवायची आणि चावी खिशात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांवर उलटल्यावर वाचवणारा रोलबार नसतो. तुम्ही बघत असलेल्या ट्रॅक्टरवर तो असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका. चालवणारा माणूस सदुसष्ट वर्षांचा असेल तर अजिबातच नाही.

आणि एक गोष्ट, आपल्या वयाच्या वाचकांसाठी. ट्रॅक्टर बाबा चालवतील ते आणखी पाच-सात वर्षं. आठ वर्षांच्या त्या हिशोबातली शेवटची काही वर्षं मी किंवा माझा चुलतभाऊ धरलेला आहे. यंत्र घ्यायला पैसे पाठवणं सोपं आहे. त्यामुळे घरी "घ्या" म्हणण्यापूर्वी आपण स्वतः वर्षातले किती दिवस त्या सीटवर बसणार आहोत, तो आकडाही शीटमध्ये घाला. मी सध्या बारा दिवस लिहिले आहेत. चतुर्थीच्या सुट्टीतले तीन त्यातच धरलेत.